स्पर्धा नियामकांना खुलं पत्र: तक्रार कोण करतंय तेही जरा बघा

जगभरच्या स्पर्धा आयोगांचे आणि अँटीट्रस्ट म्हणजे मक्तेदारीविरोधी विभागांचे अध्यक्ष, सदस्य आणि खरं तर सगळ्यात जास्त म्हणजे रोज फायली वाचणारे तपास अधिकारी, तुम्हा सगळ्यांना नमस्कार.

आधीच सांगून टाकतो, मी वकील नाही, अर्थतज्ज्ञ तर अजिबातच नाही, आणि स्पर्धा कायदाच मोडीत काढा म्हणणाऱ्यांतला पण नाही. आपसात ठरवून भाव चढवणाऱ्यांना तुम्ही पकडता तेव्हा मला मनापासून बरं वाटतं. तक्रार वेगळी आहे. तुमच्या दारात जो येतो तो बऱ्याचदा ग्राहक नसतो, ग्राहकाला कुठे वेळ आहे दोनशे पानी तक्रार करायला, येतो तो धंद्यातला दुसरा माणूस, आणि त्याला स्पर्धा हवी असतेच असं नाही, कित्येकदा ती थांबावी म्हणूनच तो आलेला असतो. आणि गंमत अशी की त्यासाठी त्याला केस जिंकावी पण लागत नाही. चालू राहिली तरी पुरतं.

हे मला कळलं ते अंगावर आलं तेव्हा. मी एका छोट्या कंपनीत खरेदी बघायचो. मशीनचे सुटे भाग बनवायचो आम्ही. आमच्याएवढ्याच अजून दोन कंपन्या होत्या, आणि एकट्याने कच्चा माल घेतला की मोठ्या ऑर्डरचा रेट मिळत नाही म्हणून तिघांनी मिळून माल घ्यायला सुरुवात केली. विकायचं ज्याचं त्याने, भाव ज्याचा त्याने ठरवायचा, खरेदी फक्त एकत्र. त्यामुळे आमचा माल थोडा स्वस्त झाला आणि त्या मार्केटमधल्या सगळ्यात मोठ्या कंपनीची चार-पाच गिऱ्हाईकं आमच्याकडे वळली. सहा महिन्यांत नोटीस आली, की या तिघांनी कार्टेल केलंय, म्हणजे भावासाठी आपसात संगनमत. पाच वर्षांचे ईमेल द्या, भावपत्रकं द्या, मीटिंगच्या नोंदी द्या. आता मीटिंग झाली असती तर नोंद असती ना, आमचं सगळं फोनवर, "तुला किती टन लागणार रे या महिन्यात", बस्स. तक्रार कोणी केली ते सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

पण खरी गोष्ट नोटिशीची नाही, तिच्या झेरॉक्सची आहे. त्या मोठ्या कंपनीचा सेल्सवाला ती झेरॉक्स प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून आमच्या गिऱ्हाइकांकडे फिरत होता. आमच्याबद्दल एक वाईट शब्द बोलायचा नाही हं. फोल्डर टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचा, "तुम्हाला माहीत असलेलं बरं म्हणून आणलं." आम्हाला बरीच वर्षं ओळखणारा एक खरेदी अधिकारी मला म्हणाला, "तुम्ही काही केलं नसणार हे मला कळतंय रे, पण चौकशी चालू असलेल्याकडून माल का घेतला असं उद्या वरून विचारलं तर मी काय सांगू?" त्याचंही बरोबर होतं. आमच्या वकिलाने पहिल्याच आठवड्यात सांगितलं की एकत्र खरेदी ताबडतोब बंद करा, निकाल लागेपर्यंत धोका नको. बंद केली. माल परत महाग झाला. अडीच वर्षांनी एका पानाचं पत्र आलं, की पुरावा आढळला नाही, प्रकरण बंद. त्या मोठ्या कंपनीचा सुंठीवाचून खोकला गेला होता.

तेव्हापासून मी या विषयावरचं जे मिळेल ते वाचतोय, आणि वाचून लक्षात आलं की आमचं प्रकरण म्हणजे अगदी जुनी, घासून गुळगुळीत झालेली युक्ती आहे. अमेरिकेत मक्तेदारीविरुद्धचा शर्मन कायदा आला १८९० मध्ये, क्लेटन कायदा १९१४ मध्ये, आणि त्यात खासगी कंपनीला पण केस करायची मुभा दिली, वर जिंकलात तर नुकसानीच्या तिप्पट भरपाई. हेतू चांगलाच होता, सरकार सगळीकडे पुरं पडणार नाही, तर ज्याचं नुकसान झालं त्यालाच पहारेकरी करा. पण ज्याच्या हातात तिप्पट पैशांची काठी दिली तो ती चोरावरच उगारेल, शेजाऱ्यावर उगारणार नाही, हे कोणी गृहीत धरलं कोण जाणे.

ब्रन्सविकची केस बघा, मला ती फार आवडते. ब्रन्सविक ही बोलिंगची (क्रिकेटची नव्हे, चेंडू घरंगळवून पिना पाडायच्या खेळाची) यंत्रसामग्री बनवणारी कंपनी. १९५० च्या दशकात बोलिंगचं वेड होतं तेव्हा यांनी सेंटरवाल्यांना उधारीवर यंत्रं विकली, मग साठच्या दशकाच्या सुरुवातीला वेड ओसरलं, उधारी बुडायला लागली, तेव्हा ब्रन्सविकने बुडणारी सेंटरं स्वतःच ताब्यात घेऊन चालवायला सुरुवात केली, दोनशेच्या वर सेंटरं. तर काही ठिकाणच्या दुसऱ्या सेंटरवाल्यांनी केस केली. त्यांचं म्हणणं काय असावं? की ही सेंटरं बंद पडली असती तर त्यांची गिऱ्हाईकं आमच्याकडे आली असती, ती आली नाहीत, ते आमचं नुकसान, आणि ते तिप्पट करून द्या. म्हणजे स्पर्धा जिवंत राहिली याची भरपाई, आणि तीसुद्धा स्पर्धा जपायच्या कायद्याखाली! ज्यूरीने दिली पण. शेवटी १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने ते उलटवलं, जस्टिस थर्गुड मार्शल यांनी निकाल लिहिला आणि १९६२ च्या ब्राउन शू केसमधलंच वाक्य परत आठवून दिलं, की हा कायदा स्पर्धेला जपण्यासाठी आहे, स्पर्धकांना जपण्यासाठी नाही. तुम्हा सगळ्यांना हे वाक्य पाठ असणार, तुमच्या भाषणांमध्ये येतंच ते. माझा प्रश्न एवढाच आहे की ते फाइल उघडताना आठवतं की बंद करताना.

कारण कोर्टसुद्धा नेहमी एवढं शहाणं नव्हतं. दहाच वर्षं आधीची, १९६७ ची युटा पाय केस. सॉल्ट लेक सिटीतली घरगुती म्हणावी अशी कंपनी, अठरा कामगार, त्यातले नऊ एकाच कुटुंबातले, फ्रोझन पाय (आत सारण भरलेला, गोठवून विकायचा खाद्यपदार्थ) विकायचे. १९५८ मध्ये तिथल्या मार्केटचा ६६.५ टक्के हिस्सा त्यांचा. मग पेट, कार्नेशन, कॉन्टिनेंटल अशा मोठ्या राष्ट्रीय कंपन्या भाव पाडत आत घुसल्या आणि डझनाचा भाव जो युटा पायचा सुरुवातीला ४.१५ डॉलर होता तो २.७५ वर आला. युटा पायचा हिस्सा १९६१ पर्यंत ४५.३ टक्क्यांवर. पण थांबा, हिस्सा कमी झाला तरी त्यांची विक्री अडीचपटीहून जास्त वाढली होती, कारण स्वस्त झाल्यावर लोक जास्त पाय खायला लागले, आणि ४५ टक्क्यांवर पण पहिला नंबर त्यांचाच होता. आता ग्राहकाच्या खुर्चीत बसून बघा, जवळजवळ एकाच कंपनीच्या हातात असलेलं मार्केट चौघांचं झालं आणि भाव एक तृतीयांशाने उतरला. सुप्रीम कोर्टाने निकाल दिला युटा पायच्या बाजूने! जस्टिस स्टुअर्ट यांनी विरोधात लिहिलं की अहो ही स्पर्धा वाढल्याची आकडेवारी आहे. (पेटवाल्यांनी युटा पायच्या कारखान्यात हेर घुसवला होता हे खरंय, आणि ते चूकच होतं, पण हेरगिरीची शिक्षा हेरगिरीला द्या ना, स्वस्ताईला कशाला.)

ही केस ज्या कायद्याखाली झाली तो १९३६ चा रॉबिन्सन-पॅटमन कायदा, आणि त्याचा पहिला मसुदाच घाऊक किराणा व्यापाऱ्यांच्या संघटनेच्या वकिलाने बनवला होता, ए अँड पी सारखी साखळी दुकानं थेट उत्पादकाकडून स्वस्तात माल उचलतात म्हणून. म्हणजे कायदा वापरताना वाकवला असं पण नाही, घडवतानाच वाकडा घडवला.

बरं, प्रत्येक वेळी तक्रारदार बिचारा छोटाच असतो असं नाही, आणि सोवळा तर मुळीच नसतो. टेलेक्स आणि आयबीएमचं घ्या. टेलेक्स आयबीएमच्या कॉम्प्युटरला जोडायची टेप ड्राइव्हसारखी यंत्रं बनवायची आणि आयबीएमपेक्षा स्वस्त द्यायची, चांगलंच होतं ते. आयबीएमने उत्तर म्हणून भाव उतरवले. टेलेक्स कोर्टात गेली आणि १९७३ मध्ये खालच्या कोर्टाने भरपाई ठरवली ३५ कोटी डॉलरच्या वर. पण त्याच केसमध्ये आयबीएमने उलटा दावा केला होता की टेलेक्सने आमची गुपितं चोरली, आणि तो पण सिद्ध झाला! १९७५ मध्ये अपील कोर्टाने भरपाई पूर्ण रद्द केली, चोरीचा दंड मात्र थोडा कमी करून १ कोटी ८५ लाख डॉलर कायम ठेवला. मग दोघांनी सुप्रीम कोर्टाच्या दारात तडजोड करून सगळंच सोडून दिलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतो आपण, त्याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलं नाही.

आता विलीनीकरणाकडे, म्हणजे कंपन्या एकत्र येण्याकडे, येतो कारण तिथे मला वाटतं तुम्ही सगळ्यात जास्त फसता. जनरल मोटर्स आणि टोयोटा यांनी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला मिळून छोट्या गाड्या बनवायचं ठरवलं, तेव्हा १९८४ मध्ये क्रायस्लर कोर्टात गेली, की हे दोन बलाढ्य एकत्र आले तर स्पर्धा मरेल. ऐकायला पटतं. पण जरा डोकं शांत ठेवून विचार करा. दोघं एकत्र येऊन गाड्या महाग होणार असत्या तर क्रायस्लरला काय दुःख होतं? तिनेही आपला भाव मागोमाग वाढवला असता आणि गालातल्या गालात हसली असती. प्रतिस्पर्ध्याच्या पोटात दुखतं ते गाडी स्वस्त आणि चांगली होणार असते तेव्हा. विल्यम बॉमोल आणि यानुश ऑर्डोव्हर या अर्थतज्ज्ञांनी १९८५ मध्येच हे दाखवून दिलं होतं, की प्रतिस्पर्धी एखाद्या विलीनीकरणाला जीव तोडून विरोध करतोय ही बऱ्याचदा ते ग्राहकाच्या फायद्याचं असल्याची खूण असते. नेहमीच नाही हे मान्य, एकत्र आलेली कंपनी इतरांचा कच्चा माल तोडू शकते, वितरणाची दारं बंद करू शकते, तेव्हा विरोध खराच असतो. पण पहिला संशय कुणावर घ्यायचा ते तरी कळतं. क्रायस्लरने १९८५ मध्ये तडजोड केली, आणि त्याच वर्षी स्वतः मित्सुबिशीबरोबर अमेरिकेत एकत्र कारखाना काढायचं जाहीर केलं. आपला तो बाब्या.

आणि कंपनीवर ताबा घ्यायला कोणी आलं की स्वतःच्या बचावासाठी जी कागदपत्रं बाहेर काढतात त्यात अँटीट्रस्टचा कागद हमखास असतो. १९८८-८९ मध्ये मिनोर्को या खाणींत पैसे गुंतवणाऱ्या कंपनीने कॉन्सॉलिडेटेड गोल्ड फील्ड्स या ब्रिटिश खाण कंपनीवर बोली लावली. ब्रिटनच्या आयोगाने तपासून परवानगी दिली. गोल्ड फील्ड्सने न्यूयॉर्कच्या कोर्टातून मनाई हुकूम आणला, की सोन्याच्या मार्केटमधली स्पर्धा कमी होईल. निम्म्याहून जास्त शेअर मिनोर्कोकडे यायची तयारी झाली होती तरी मनाई उठली नाही आणि बोली बारगळली. काही महिन्यांत हॅन्सन कंपनीने गोल्ड फील्ड्स विकत घेतली. सोन्याची काळजी अगदीच खोटी होती असं मी म्हणत नाही, दोघांकडे मिळून बरंच सोनं होतं. पण जिला विकत घेतायत ती कंपनीच स्पर्धेच्या नावाने कोर्टात जाते तेव्हा विचारावंसं वाटतं, की विलीनीकरणाने भाव वाढणार असता तर फायदा तिचाच होता ना? मग एवढी धडपड कोणासाठी, सोनं घेणाऱ्यांसाठी की संचालकांच्या खुर्च्यांसाठी?

हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर मायक्रोसॉफ्ट आणि गूगलचं बघा. मायक्रोसॉफ्टने स्वतः या कायद्याचा मार खाल्ला, आणि मग २०११ मध्ये तीच युरोपियन कमिशनकडे, म्हणजे युरोपियन युनियनच्या स्पर्धा नियामकाकडे, गूगलची तक्रार घेऊन गेली. २०१६ च्या एप्रिलमध्ये दोघांनी ठरवलं की एकमेकांविरुद्धच्या नियामकांकडच्या तक्रारी मागे घ्यायच्या. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये गूगल मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड लायसन्सची तक्रार घेऊन परत कमिशनच्या दारात. आता नीट ऐका, मी असं म्हणत नाहीये की तक्रारी खोट्या होत्या. सर्चच्या प्रकरणात तर कमिशनने २०१७ मध्ये गूगलला २.४२ अब्ज युरोचा दंड केला आणि तो शेवटपर्यंत टिकला. तक्रारदाराचा हेतू मतलबी असला म्हणून तक्रार खोटी होत नाही, हे मलाही कळतं. पण २०११ मध्ये ग्राहकाचं नुकसान होत होतं तर २०१६ मध्ये दोन कंपन्यांचं आपसात जमलं म्हणून ते थांबलं का? म्हणजे तक्रार ही यांच्यासाठी पटावरची सोंगटी, गरज असेल तेव्हा पुढे सरकवायची आणि सौदा जमला की उचलून घ्यायची.

तुम्ही म्हणाल खोट्या केसवर उपाय आहे की. आहे, कागदावर. अमेरिकेत १९७२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या ट्रकवाल्यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की नव्या माणसाच्या प्रत्येक लायसन्स अर्जाला, दम असो नसो, सरसकट विरोध करत राहणं हाच स्पर्धा कायद्याचा भंग ठरू शकतो. छान. पण १९९३ मध्ये एका हॉटेलविरुद्ध कोलंबिया पिक्चर्स अशा केसमध्ये कसोटी एवढी कडक केली, की आधी सिद्ध करा की कुठल्याही समंजस माणसाला ही केस जिंकायची आशाच वाटली नसती, त्यानंतरच हेतूकडे बघू. आता बरा वकील कुठल्याही केसला एवढी आशा चिकटवू शकतो, त्याचेच तर पैसे घेतो तो. आणि आमच्यासारख्याने अडीच वर्षं चौकशी सोसून वर उलटी केस करायची? कुठल्या पैशाने?

तेव्हा माझं मागणं कोर्टाकडे नाही, तुमच्याकडे आहे, आणि ते दाराशीच करायच्या कामाचं आहे. तक्रारीच्या पहिल्या पानावर तक्रारदाराला लिहायला लावा की ग्राहकाचं काय गेलं, भाव वाढला, माल कमी झाला की दर्जा घसरला, आणि "आमची विक्री घटली" हे उत्तर धरू नका. तक्रारदार प्रतिस्पर्धी असेल तर नोटीस काढायच्या आधी दहा ग्राहकांना फोन करा, आमच्या केसमध्ये कोणी एकाला जरी विचारलं असतं की या तिघांमुळे तुम्हाला माल महाग पडतोय का, तर तो हसला असता. तक्रार मागे घ्यायची असेल तर त्याबदल्यात काय मिळालं ते लेखी घ्या, आणि फाइल तुमची आहे, त्यांची नाही, तुम्हाला त्यात तथ्य वाटत असेल तर चालूच ठेवा.

फक्त एक करू नका, या सगळ्याचं निमित्त करून तक्रारीची फी वाढवू नका की खऱ्या छोट्या माणसाला दार लावू नका. अमेरिकेत एमसीआय या छोट्या फोन कंपनीने एटी अँड टी या बलाढ्य फोन कंपनीविरुद्ध केस केली त्यात आपल्या फोनच्या जाळ्याला जोडणी नाकारल्याची तक्रार खरीच होती, आणि त्याच दाव्यात एटी अँड टी ने स्पर्धेला उत्तर म्हणून दर उतरवले याची तक्रार पण घुसवलेली होती. ज्यूरीने १९८० मध्ये ६० कोटी डॉलर दिले, तिप्पट करून १८० कोटी. अपिलात दर उतरवल्याची तक्रार टिकली नाही, जोडणीची टिकली, आणि १९८५ मध्ये परत हिशोब केला तेव्हा तिप्पट धरून रक्कम आली ११ कोटींच्या आसपास. एकाच दाव्यात गहू पण असतात आणि खडे पण, निवडायला बसावं लागतं, आणि त्याचाच पगार तुम्हाला मिळतो.

आणि शेवटचं, हे माझ्या जिव्हाळ्याचं आहे. चौकशी सुरू झाल्याची बातमी ज्या ज्या ठिकाणी जाते त्या त्या ठिकाणी ती बंद झाल्याचं पत्र पण तुम्हीच पाठवा, तेवढ्याच ठळक अक्षरात, आणि तक्रारदाराच्या सेल्सवाल्याने नोटीस फिरवली असेल तर त्याच्याच खर्चाने. आमचं ते एका पानाचं पत्र आलं तेव्हा मी त्याच्या झेरॉक्स काढल्या आणि सोडून गेलेल्या चौदा गिऱ्हाइकांना पाठवल्या. दोघांची उत्तरं आली. एकाने लिहिलं होतं अभिनंदन, पण आता तीन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट दुसरीकडे झालंय. दुसरा तो खरेदी अधिकारी, त्याने फोनच केला, बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि मग विचारलं, "हे पत्र खरं आहे ना रे? नाही म्हणजे, यावर त्या नोटिशीसारखा शिक्का दिसत नाहीये."

आपला,
सुट्या भागांच्या धंद्यातला एक माजी खरेदीवाला